ताई, पाणी नका बघू, दोर बघा

प्रश्न असा आला आहे : "पुढच्या आठवड्यात तेलगळतीच्या पाहणीसाठी होडीने खाडीत जाणाऱ्या पथकात मी पहिल्यांदाच जाणार आहे. दिवसभर नेमकं काय करायचं असतं? तवंग किती मोठा, हे कसं ठरवतात? तेलात माखलेले पक्षी सापडले तर त्यांच्यासाठी काय साहित्य न्यावं? आणि कपडे कोणते घालावेत?"

कपड्यांचं शेवटी सांगते. बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येतात. खाडीत तेल शोधायला गेलेला नवखा माणूस पहिले दोन दिवस पाण्याकडे बघत बसतो आणि नुकसान झालेलं असतं काठाला. मीही तेच केलं होतं.

माझी पहिली मोठी पाहणी २०१० ची. ७ ऑगस्टला, शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. चित्रा न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होतं, खलिजिया आत येत होतं. चित्रावर बाराशेहून जास्त कंटेनर होते आणि टाक्यांमध्ये अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल. जहाज एका कुशीवर कलंडलं, कंटेनर पाण्यात घसरू लागले आणि ९ तारखेला गळती थांबेपर्यंत सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज निघाला. हे तेलवाहू जहाज नव्हतं. ज्या तेलावर त्याचं स्वतःचं इंजिन चालायचं, तेच सांडलं. जड, काळं, थंडीतल्या काकवीसारखं. डिझेल सांडलं तर बराचसा भाग दोन-चार दिवसांत उडून जातो. हे उडत नाही. उलट लाटांनी घुसळलं गेलं की पाणी पिऊन फुगतं, रंगाने तपकिरी होतं आणि आकारमानाने तिप्पट-चौपट. म्हणून "८०० टन सांडलं, मग गोळा केलेला चिखल त्याहून जास्त कसा?" असं कुणी विचारलं तर गोंधळू नका.

त्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात मेक्सिकोचं आखात होतं. तिथली समुद्रातली तेलाची विहीर एप्रिलपासून वाहत होती आणि टक्करीच्या तीनच आठवडे आधी, १५ जुलैला बंद झाली होती. तीन महिने टीव्हीवर तेलात माखलेले पेलिकन दिसत होते. त्यामुळे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न "पक्षी किती मेले?" हाच असायचा. तुमचाही तिसरा प्रश्न तिथूनच आला असावा. त्याकडे येते, पण आधी भरती-ओहोटी.

पाहणी आदल्या रात्री सुरू होते, भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून. कोष्टक हाताशी नसेल तर पंचांग चालतं. आपल्या किनाऱ्यावरचा कुठलाही जुना नाखवा हा हिशेब तोंडी करतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, तृतीयेला सव्वादोन. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. तेलाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो तेवढं सांगते.

७ ऑगस्टला अमावास्या तीन दिवसांवर होती. म्हणजे तेल सांडलं तेव्हापासून रोजची भरती आदल्या दिवशीच्या भरतीपेक्षा वर चढत होती. मुंबईत उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मागच्या रांगांमध्ये शिरतं. तेल त्याच्याबरोबर तिथवर गेलं. मग उधाण ओसरलं, भांगाचं पाणी तेवढं वर पोचेना आणि तिथलं तेल धुऊन न्यायला आठवडाभर कुणी आलंच नाही. हीच टक्कर अष्टमीला झाली असती तर पुढच्या रांगा माखल्या असत्या, पण मागच्या पुष्कळ वाचल्या असत्या. तुमची गळती कोणत्या तिथीला झाली ते आधी बघा. कुठे शोधायचं, याचं निम्मं उत्तर त्यात असतं.

उरलेलं निम्मं वाऱ्यात. तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने जातं आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के गती त्याच्या अंगात येते. वीस नॉटचा वारा असेल तर ०.६ नॉट. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाह याच्या कितीतरी पट असतो, म्हणून लोक म्हणतात की ओहोटी नेईल बाहेर. पण प्रवाह सहा तासांनी उलटतो आणि पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा दिवसरात्र एकाच दिशेने ढकलत असतो. पावसाळ्यात आपल्याकडे सांडलेलं तेल किनारा गाठल्याशिवाय राहत नाही.

आता माझी चूक. ११ ऑगस्टला आम्ही दुपारी दीडच्या सुमारास, ऐन भरतीत घारापुरीच्या तिवरांपाशी होतो. भरतीत गेलो कारण होडी झाडांच्या अगदी जवळ जाते, चिखलात पाय घालावा लागत नाही, फोटो चांगले येतात. पाणी पावसाळी, मातकट. वरची पानं हिरवीगार. एक-दोन ठिकाणी इंद्रधनुषी पापुद्रा दिसला, तो लिहिला आणि त्या टप्प्यासमोर "लक्षणीय तेल आढळलं नाही" अशी नोंद केली. उरणजवळच्या मोऱ्याचे नाखवा, ज्यांची होडी होती, तोवर गप्प होते. मी वही मिटली तसे म्हणाले, "ताई, पाणी नका बघू, दोर बघा." आणि त्यांनी नांगरून ठेवलेल्या एका होडीचा दोर आकडीने ओढून वर काढला. वरचा हातभर दोर स्वच्छ होता. त्याखालचा दोन-अडीच हात काळा, चिकट, बोटाला लागला की सुटेना असा. झाडांची खोडंही तेवढ्याच पट्ट्यात माखली होती आणि तो अख्खा पट्टा त्या क्षणी पाण्याखाली होता.

दोर, बोये, डोल जाळ्यांचे खुंट, धक्क्याच्या पायऱ्या, जेटीचे खांब हे सगळे तेलाची नोंद ठेवणारे साक्षीदार आहेत. पाणी दर सहा तासांनी बदलतं. दोराला लागलेलं तेल महिनाभर तिथेच असतं. पायरीवर तेलाची रेघ कितव्या पायरीला आहे ते मोजलं आणि कोष्टकात त्या दिवसांच्या भरत्या पाहिल्या, तर तेल कोणत्या भरतीला आलं हेही बऱ्यापैकी सांगता येतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, बेत बदलला. तृतीया होती, भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, ओहोटी आठला. पहाटे साडेपाचला मोऱ्याच्या धक्क्यावर जमलो. पावसाची झड होती. मासेमारीबंदी त्या वर्षी १५ ऑगस्टपर्यंत होती, त्यामुळे मोठ्या बोटी शाकारलेल्याच होत्या; जाळी शिवून तयार, बर्फाचा हिशेब झालेला, आणि बंदी उठायला तीन दिवस उरले असताना समोर हे. धक्क्यावर माणसं बसून होती, पण कुणी फारसं बोलत नव्हतं.

निघण्याआधी नाखवांनी एकच सूचना दिली : कंटेनर. पाण्यात पडलेला कंटेनर लगेच बुडत नाही. कधी कधी वितभर पाठ वर ठेवून तासन्‌तास तरंगतो आणि लाटेत दिसत नाही. लाकडी होडी त्यावर आपटली तर फळी फुटते. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक माणूस फक्त तेवढ्यासाठी बसवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. तुमच्या गळतीत कंटेनर असतील तर ही सूचना दुप्पट लागू. चित्रावर कीटकनाशकांचेही कंटेनर होते. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३' वरच्या ६४० कंटेनरांपैकी १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं. ते पाण्यात भिजलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, म्हणजे वेल्डिंगवाल्यांचा तोच पेटणारा वायू. केरळात किनाऱ्यावरच्या लोकांना वाहून आलेल्या कंटेनरपासून २०० मीटर लांब राहायला सांगितलं होतं. तुम्हीही तेवढंच अंतर ठेवा, जागा टिपा आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. चित्राच्या वेळी वाहून आलेली चहा-बिस्किटांची पुडकी लोकांनी घरी नेल्याच्या बातम्या होत्या. मोह होतो, मान्य. पण शेजारच्या कंटेनरात काय होतं हे त्या पुड्यावर लिहिलेलं नसतं. एल्साच्या वेळी प्लास्टिकचे बारीक दाणेही किनाऱ्यांवर आले, तेव्हा हल्ली पाहणीच्या तक्त्यात तेलाशेजारी प्लास्टिक दाण्यांचा एक रकाना ठेवावा हे बरं.

ओहोटीचे दोन तास आम्ही काठावर उतरून काम केलं. उतरून म्हणजे धक्क्यावर, खडकांवर, कडक पुळणीवर. तिवरांच्या चिखलात मी कुणालाही उतरू देत नाही. चिखलावर पडलेलं तेल भरतीबरोबर थोडं थोडं सुटून जाऊ शकतं. तेच पायाखाली तुडवून वीतभर खाली दाबलं की तिथे हवा पोचत नाही, जिवाणू काम करत नाहीत आणि ते वर्षानुवर्षं राहतं. चिंबोऱ्यांची बिळं आधीच तेलाला खाली जायची वाट देतात, त्यात आपल्या पायांची भर नको. उत्साही स्वयंसेवकांनी फावडी घेऊन तिवरं "साफ" केलेली मी पाहिली आहेत. तेलाने जेवढी मुळं मेली नसती तेवढी त्या दिवशी तुटली.

काठाची नोंद करताना प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी लिहायच्या : तेलाचा पट्टा किती लांब, किती रुंद, त्यातला किती टक्के भाग झाकला गेला आहे आणि थर किती जाड. जाडीसाठी पट्टी चालते, पण नखाची परीक्षा मला जास्त आवडते. एक सेंटिमीटरच्या वर असेल तर ते साचलेलं तेल. त्याखाली मिलिमीटरपर्यंत लेप. त्याहून पातळ, पण दगडावर नखाने खरवडून निघतं, ते पुट. नखानेही निघत नाही तो डाग. हे चार शब्द पथकातल्या सगळ्यांनी सारख्याच अर्थाने वापरायचे. एकाने "खूप तेल" आणि दुसऱ्याने "बरंच तेल" असं लिहिलं तर संध्याकाळी नकाशा काढता येत नाही.

अकराच्या पुढे पाणी चढायला लागलं की होडीत बसायचं आणि काठालगत हळू फिरायचं. इंजिन असलेली होडी काळ्या तेलातून नेऊ नका. इंजिन थंड ठेवायला ओढलेल्या पाण्यातून तेल आत जातं, आणि पंख्याने घुसळलेलं तेल खाली पाण्यात मिसळतं. ताजं तेल असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने, म्हणजे वारा तुमच्याकडून तेलाकडे वाहील असं, जा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ते होडी लागल्यामुळे आहे असं समजून बसू नका; मागे फिरा.

आता तवंगाचा प्रश्न. डोळ्यांना सगळ्यात भयंकर दिसतो तो इंद्रधनुषी तवंग, आणि त्यात तेल मात्र फार थोडं असतं. युरोपातल्या उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी बॉन कराराखाली रंगांवरून जाडी ठरवायची एक पट्टी केली आहे, जगभर तीच वापरतात. चंदेरी-राखाडी झाक असेल तर एका चौरस किलोमीटरमागे ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी असेल तर ३०० ते ५,००० लिटर. त्यावर आकाशाचा रंग परावर्तित करणारी धातूसारखी चमक आली की ५,००० ते ५०,०००. तेलाचा स्वतःचा काळा-तपकिरी रंग तुटक दिसू लागला की ५०,००० ते २ लाख, आणि सलग दिसला की २ लाखांच्या वर. उदाहरण घ्या. २०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असा तवंग तुमच्यासमोर आहे. तो इंद्रधनुषी असेल तर त्यात ३ ते ५० लिटर तेल आहे, म्हणजे घरातले पंधरा लिटरचे तीन-साडेतीन डबे, फार तर. तेवढ्याच जागेत सलग काळं असेल तर किमान २,००० लिटर. पहिल्याचे फोटो पेपरात छापून येतात. दुसऱ्याकडे बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) आणि स्किमर (पाण्यावरचं तेल उपसणारं यंत्र) आधी पाठवायचा असतो. तवंगाचं क्षेत्रफळ लिहून रंग लिहिला नाही, तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. जाड, फुगलेल्या तपकिरी तेलाला मात्र ही पट्टी लावू नका, ती त्याच्यासाठी नाही.

होडीत बसून डोळा पाण्यापासून दीड-दोन मीटरच वर असतो, त्यामुळे लांबचं काही दिसत नाही. सूर्य पाठीशी ठेवा, पोलराइज्ड गॉगल लावा. मोठं चित्र विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून दिसतं आणि ते काम तटरक्षक दलाचं; १९९६ च्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेनुसार समुद्रातल्या कारवाईचा समन्वयही त्यांच्याकडेच असतो. त्यांना वरून जे दिसत नाही ते बघायला तुम्ही होडीत आहात. तिवरांच्या सावलीतलं, जेटीखालचं, उपखाडीच्या वळणापलीकडचं.

आणि जे दिसेल ते तेलच असेल असं नाही. खाजणाच्या कडेला साचलेल्या पाण्यावर लोहजिवाणूंचा पापुद्रा येतो, तो हुबेहूब इंद्रधनुषी तेलासारखा दिसतो. काडीने ढवळून बघा. जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकडे होऊन फुटतो आणि फुटलेलाच राहतो. तेल गोल फिरून पुन्हा एक होतं. मी एकदा ही काडी न घालता कार्यालयाला फोन केला होता आणि भर पावसात एक गाडी तीन तासांचा प्रवास करून चिखलातलं डबकं बघायला आली. याशिवाय ढगांच्या सावल्या, दोन प्रवाहांच्या सीमेवर जमणारा फेस आणि कचरा, भुशासारखे दिसणारे शैवालाचे तपकिरी पट्टे, हे सगळे लांबून तवंगच वाटतात. मुंबईच्या बंदरात तर आणखी एक अडचण. घारापुरीच्या शेजारीच जवाहर द्वीप आहे, तिथे कच्च्या तेलाची जहाजं लागतात. लाँचा, ट्रॉलर, टग रोज थोडंथोडं तेल सांडतात. दिसलेलं तेल तुमच्या जहाजाचं की रोजचं, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

त्यासाठी नमुना. काचेची बाटली, प्लास्टिकची नको, कारण प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात. झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. बर्फाच्या पेटीत, अंधारात. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही, आणि ती ज्याच्या हातात दिली त्याची सही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तेलाचा ठसा काढतात आणि जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी जुळवतात. एक नमुना जिथे तेल नाही अशा जागेचाही घ्या. तो न घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

हे सहीबिहीचं अवडंबर कशाला, असं वाटेल. ४ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे चित्राला वर्ष व्हायच्या आत, 'रॅक कॅरियर' हे कोळसा भरलेलं जहाज मुंबईजवळ बुडालं आणि त्याचंही इंधन तेल गळलं. राष्ट्रीय हरित लवादाचा १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा निकाल आला २०१६ मध्ये. पाच वर्षांनी. तोवर तिथलं तेल कुणाला आठवतही नव्हतं. वहीतल्या वेळा, फोटोतली पट्टी आणि बाटलीवरची सही एवढंच उरतं.

तेच कोळ्यांच्या बाबतीत. तेल लागलेलं जाळं माणूस रागाने जाळून टाकतो किंवा फेकतो. त्यांना सांगा की हातभर तुकडा कापून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, जाळ्याचा फोटो तारखेसह काढा आणि रोज काय मिळालं, काय विकलं, ते साध्या वहीत लिहा. २०१० मध्ये नुसत्या तेलापेक्षा जास्त मार धास्तीने बसला. त्या आठवड्यात मुंबईत लोकांनी मासे घेणं टाळलं; त्यात श्रावण लागला होता, त्यामुळे विक्रीतली घट तेलामुळे किती आणि श्रावणामुळे किती, हा वाद घालायला सगळे मोकळे. ज्यांच्याकडे मागच्या श्रावणाचे आकडे लिहिलेले होते त्यांचं बोलणं निदान ऐकून तरी घेतलं गेलं. असे लोक फार थोडे होते.

दोनच्या भरतीला आम्ही पुन्हा त्याच तिवरांपाशी आलो, या वेळी कुठे बघायचं ते ठाऊक असताना. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं असतात. त्यांच्या सालीवरच्या बारीक रंध्रांतून खालच्या मुळांना हवा जाते. तेलाचा लेप ती रंध्रं बुजवतो. झाड त्या दिवशी मरत नाही. पानं दोन-तीन आठवड्यांनी पिवळी पडायला लागतात, मग गळतात, आणि कधी कधी मोठं झाड वर्षभर रेंगाळून वाळतं. शिवाय ऑगस्ट हा तिवरांची फळं पिकून पडायचा काळ. तरंगणारी फळं आणि तरंगणारं तेल एकाच रेघेत किनाऱ्याला लागतात. त्या वर्षी मला मोठ्या झाडांपेक्षा त्या फळांची जास्त काळजी वाटत होती. म्हणून पहिल्या दिवशीच ठरावीक जागा निवडा, झाडाला क्रमांकाची पट्टी बांधा, पट्ट्याच्या कडेला धक्क्यावरून किंवा फळीवरून हात पोचेल अशा ठिकाणी एक मीटर चौरस चौकट टाकून श्वासमुळं मोजा, किती माखली ते लिहा, आणि फोटो कुठे उभं राहून काढला तेही लिहा. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने तिथेच परत जायचं आहे. माखलेल्या जागेइतक्याच न माखलेल्या जागाही हव्यात, नाहीतर गळालेली पानं तेलाने गळाली की ऋतूने, हे सांगता येणार नाही. आणि जिथे काही सापडलं नाही तिथे "तेल नाही, ओहोटी, सकाळी ८.१०, पायऱ्या व दोर तपासले" असं पूर्ण लिहा. माझ्या ११ तारखेच्या नोंदीत भरतीची वेळ लिहिलेली होती म्हणूनच ती नंतर रद्द करता आली.

पक्षी. ऑगस्टमध्ये आपल्या खाड्यांत स्थलांतरित पाणपक्षी जवळजवळ नसतात. चिखले-तुतवारांचे थवे ऑगस्टअखेरीपासून पुढे येतात, रोहित (फ्लेमिंगो) त्याच्याही नंतर. २०१० मध्ये माखलेले पक्षी फारसे दिसले नाहीत त्याचं एक कारण हे. बगळे, खंड्या, घारी होत्या. बगळ्यांचे पाय काळे झालेले दिसायचे, ते चोचीने पिसं साफ करताना पोटात किती जायचं हे दिसायचं नाही. तुमची पाहणी हिवाळ्यात असेल तर गोष्ट वेगळी. पण साहित्य तरीही एवढंच न्या : पुठ्ठ्याची दोन खोकी, जुनी चादर, हातमोजे. पक्षी सापडला तर चादरीत धरून खोक्यात, अंधारात, ऊबेत ठेवा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. धुऊ नका. पाजू नका. भेदरलेला, गारठलेला पक्षी होडीत साबणाने धुतला तर तो तेलाआधी थंडीने मरतो. तुम्ही निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) बघा, चिंबोऱ्या बघा. तेल जास्त झालेल्या चिखलात चिंबोऱ्या बिळाबाहेर येऊन भर दिवसा सुस्त बसतात आणि निवटी उड्या मारायच्या थांबतात. फोटोत हे काहीच दिसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

होडीत आठ-नऊ तास बाथरूम नसतं. बायकांना याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. कोणत्या धक्क्याजवळ सोय आहे हे नाखवांच्या घरच्या बायकांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, त्या नीट सांगतात. पाणी कमी प्यायचा उपाय करू नका; पावसातसुद्धा रेनकोटच्या आत घाम येऊन भोवळ येते. मी पहिल्या वर्षी तोच उपाय करून तिसऱ्या दिवशी आडवी झाले होते.

आणि कपडे. पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, जुनी पँट, वर रेनकोट, गुडघ्यापर्यंतचे गमबूट. चपला किंवा सँडल नकोत. खडकांवरची कालवं पाय कापतात आणि कापलेल्या जागेत तेल गेलं की दिवस संपला. हातमोजे नायट्राइलचे, साधे रबरी तेलात सैल पडतात. अंगाला तेल लागलं तर रॉकेल-पेट्रोल नको, गोडेतेल चोळून पुसा, मग साबण लावा. बाटलीभर गोडेतेल होडीत असू द्या. लाइफ जॅकेट रेनकोटच्या वर घालायचं, आत नाही. परत आल्यावर ते कपडे वेगळ्या पिशवीत बांधा आणि घरच्या वॉशिंग मशिनमध्ये अजिबात टाकू नका. मी एकदा टाकले होते, दिवाळीपर्यंत घरातल्या टॉवेलांना बंदराचा वास येत होता.